निवटीचं बारसं

इंद्रजितनं दोन वर्षं खपून एक देवनागरी फॉन्ट केला. नाव लेकीचं ठेवीन म्हणाला होता, वैष्णवी. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाला, "नाव ठरलं. निवटी."

"म्हणजे?"

"खाडीतला मासा गं. चिखलातून डोळे वर काढून बघतो. आमच्या मात्रा-वेलांट्या तशाच दिसतात. अर्पितानं सुचवलं."

आमच्या! मी वैष्णवीचं तोंड पुसत राहिले.

आम्ही साताऱ्याकडचे, घरात मासा शिजत नाही. दुपारी ती झोपल्यावर शब्दकोश काढला. मराठीत एम.ए. केलंय, शब्द कुठून आला हे शोधायची खोडच आहे मला. कोशात एवढंच: एक लहान मासा. व्युत्पत्ती नाही. व्युत्पत्ती त्याच्या ऑफिसात, समोरच्याच टेबलाशी बसत होती. खाडीकाठच्या घणसोली गावातली अर्पिता. हा शब्द त्याला कुठे ऐकवला असेल तिनं? डबा खाताना? हल्ली माझा डबा अर्धा परत येतो.

"शनिवारी फॉन्टचं बारसं करतोय," तो म्हणाला. "वैष्णवीचा पाळणा आणशील?"

पाळणा नेला, घुगऱ्याही केल्या. त्याच्या ऑफिसात पाळण्यात लॅपटॉप निजवला होता. आपल्या जागी तो बघून वैष्णवी माझ्या कडेवर भोकाड पसरून रडली.

"पण कानात नाव कोण सांगणार?" कुणीतरी विचारलं.

मी याचीच वाट बघत होते. "बापाची बहीण सांगते. याला सख्खी बहीण नाही. अर्पिता, तूच हो आत्या."

तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. जराशी अडखळली असती, तरी मला कळलं असतं.

"हो की! त्यात काय!" ती खिदळत पुढे आली, लॅपटॉपवर वाकून "कुर्रर्र" केलं. "निवटी! माझ्या आजीचा शब्द हाय, सांभाळा." मग वळून हात पसरला. "दादा, आत्याला साडी लागते हां! वहिनी, तुम्ही पैठणीच सांगा."

टाळ्या पडल्या. किती दिवसांनी मला मोकळं वाटलं. मी तिला पेढा भरवला, गालाला हातही लावला. दुसरा पेढा घेऊन इंद्रजितकडे वळले.

तो हसत नव्हता. पाळण्याची दोरी त्याच्या हातात थांबली होती आणि तो तिच्याकडे बघत होता. मी इतके दिवस भलत्याच चेहऱ्यावर नजर ठेवून होते.

"घे ना," मी म्हणाले. त्याला ऐकूच आलं नाही.