बिनपावडरचं पिंप

धाकटीच्या डोक्यात एकदा संशय शिरला की शिरलाच. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी निघायचा नाही.

दोघे भाऊ मिळून वाइनचा धंदा करत. थोरला तळघरात पिंपं सांभाळी, आणि धाकटीचा नवरा गिऱ्हाइकांबरोबर घोट घेत माल विकी. घोट पोटात गेला की त्याचं नाक चोंदे, चेहरा लालभडक होई, डोकं ठणके. आणि थोरल्याला पिंपात पांढरी पावडर टाकताना तर तिनं या डोळ्यांनी पाहिलेलं. वाइन टिकावी म्हणून, म्हणे! वाइन टिकावी आणि भाऊ सरावा, दुसरं काय?

"वाटणी मागा," ती हात धुऊन नवऱ्याच्या मागे लागली. "दादांना धंदा एकट्याला हवाय."

"काहीतरीच काय! ती पावडर सगळेच घालतात."

"मग कोपऱ्यातल्या पिंपात का नाही घालत? रोज जाऊन वास घेतात, कुणाला हात लावू देत नाहीत. स्वतःला शुद्ध आणि आपल्याला विष!"

रोजच्या कटकटीला कंटाळून नवऱ्यानं शेवटी वाटणीचा विषय काढला. थोरला नुसतं "बरं" म्हणाला. तिला त्या 'बरं'चाही संशय आला. इतक्या सहजी हो म्हणतो, म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी थोरला बाटल्या पोहोचवायला गेला, तशी ती तळघरात उतरली. कोपऱ्यातल्या पिंपातून पेला भरून तिनं नवऱ्यापुढे ठेवला. "घ्या. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

तो पिवळे बेदाणे चघळत बसला होता. पेला संपवला. थोड्याच वेळात नाक चोंदलं, चेहरा लाल झाला, आणि तो डोकं धरून बसला.

तेवढ्यात थोरला दारात उभा. रिकामा पेला आणि भावाचा चेहरा पाहून तो काय ते समजला.

"यानंही झालं?" तो म्हणाला. "अगं, यात चिमूटभरही पावडर नाही. तू संशय घेतेस म्हणून वेगळं काढलं होतं. नासेल म्हणून रोज वास घेत होतो. वाटणीत तुम्हालाच देणार होतो, निदान याला सोसेल म्हणून."

"दादा, पावडरचा दोष नाहीच," नवरा नाक पुसत म्हणाला. "हे बेदाणे पिवळे राहावेत म्हणून त्यांनाही तीच लावतात. मी मूठ मूठ खातो, साधी शिंकही येत नाही. मला वाइनच सोसत नाही."

"मग पिता कशाला?" ती ओरडली.

"विकणाऱ्यानंच पेला बाजूला सारला, तर विकत घेईल कोण?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दादा, चुकले मी. वाटणी नको."

"राहू दे मग," थोरला म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. मग तो भावाकडे वळला. "बाजारात जाशील तेव्हा तळघराला एक कुलूप आण."

आजवर त्या दाराला कुणी साधी कडीसुद्धा घातली नव्हती.