आरशातले मास्तर

माझी मान वळत नाही. रस्त्यात कुणी मागून हाक मारली तर मी अख्खीच्या अख्खी फिरते, आणि फिरेपर्यंत हाक मारणारा निघून गेलेला असतो. त्यामुळे मी शिष्ट आहे असं लोक म्हणतात. मी शिष्ट आहेच, पण त्याचा मानेशी काही संबंध नाही. मान गेली ती जन्मभर मशीनवर वाकून. आम्ही पडदे शिवतो. मास्तर, म्हणजे माझे यजमान, खिडक्यांची मापं घेतात, कापड बेततात, पडदे टांगतात. शिवायचं काम माझं. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, ऐकून ऐकून मीही म्हणायला लागले, आणि आता घरातसुद्धा तेच तोंडात बसलंय.

मापं घ्यायला आणि पडदे पोचवायला आम्ही सायकलींवरून जातो. लग्न झाल्यावर त्यांनीच मला सायकल शिकवली, तेव्हा ते पुढे आणि मी धडपडत मागे असे. आता मी पुढे असते. कारण मास्तर विसरायला लागलेत. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग रस्ते गेले. घरात ते खुर्चीच्या कडेवर बसून राहतात आणि थोड्या थोड्या वेळानं विचारतात, "आपल्याला इथून कधी निघायचंय?" मी सांगते, अहो, हे आपलंच घर. ते भिडस्तपणे मान डोलावतात. परक्याच्या घरी माणूस डोलावतो तशी.

सायकलवर मात्र हे काही होत नाही. पाय पेडलवर पडले की त्यांचे खांदे सैल होतात, शीळ सुरू होते, आणि माझी पाठ दिसत असेपर्यंत ते मुकाट मागे येतात. टेप हातात दिली की खिडकी बिनचूक मापतात. घरी आल्यावर मावळतात. तेव्हा सायकल ही आमची चैन नव्हती, त्यांच्यातलं जे काही शिल्लक होतं ते सायकलवरच होतं.

पण मागे येणारा माणूस खरंच मागे आहे का, हे मान न वळणाऱ्या बाईनं कसं बघायचं? वसंत ऋतूत ते एकदा असेच भलत्या रस्त्याला लागले. मग पुन्हा एकदा. त्या वेळी लेकीनं त्यांना शोधून आणलं, कालव्यापलीकडच्या गोदामांजवळून. घरी आल्यावर ती माझ्याशी मोठ्यानं बोलली नाही. तिनं आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

"आई, आता परत चुकले ना, की सायकल बंद. कुलूप मी स्वतः लावीन."

तिचं काही चूक नव्हतं. माझंही नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याकडे गेले.

हा सायकलवाला म्हणजे सदा खिशात पाना आणि तोंडात उत्तर. मी म्हटलं, आरसा हवा, हँडलला लावायचा. त्यानं काउंटरवर आरसेच आरसे मांडले. मी कापडात वाढलेली बाई, मला वाटलं आरसा म्हणजे आरसा, त्यात काय बघायचं. पण लांब दांडीचा एक दिसायला छान, तो हातात धरून जरा हलवला तर दांडी थरथरायला लागली. खडबडीत रस्त्यावर यात एकाचे दोन दिसतील, म्हणाला. एक हँडलच्या टोकात खुपसायचा होता, त्यासाठी माझी मूठच कापावी लागणार होती. म्हणजे हँडलची, हेही त्यानं हसत हसत सांगितलं.

"आता सपाट की फुगीर ते ठरवा, काकू. सपाट आरशात माणूस आहे तेवढाच दिसतो, पण रस्त्याची नुसती पट्टी दिसते. फुगीर आरशात सगळा रस्ता मावतो. फक्त माणूस बारका होतो, आणि आहे त्याहून लांब वाटतो. तुम्हाला बघायचंय काय?"

"नवरा."

"मग फुगीर घ्या. नवरा एका पट्टीत कुठला राहायला?"

गाड्या ज्या बाजूनं ओलांडून जातात त्या बाजूला त्यानं तो गोल आरसा बसवला. सायकल स्टँडवर होती, मी शेजारी उभी राहून हवा तसा फिरवून घेतला आणि स्क्रू घट्ट करवला. बाहेर पडून सायकलवर बसले तर आरशात आभाळ आणि माझं कोपर. तशीच परत वळले.

"आधी बसायचं, काकू. रोज चालवता तसं, वाकून. मग फिरवायचा. उभ्या माणसाचा आरसा वेगळा आणि बसलेल्या माणसाचा वेगळा." पडदे आपण टांगून बघतो आणि मगच खालची दुमड घालतो, तेच हे. मला आपणहून सुचायला हवं होतं.

त्यानंतरचे दिवस फार सुंदर होते. सकाळी रस्ता माझ्याकडे यायचा, झाडं, दारं, पायऱ्या, दुकानांची वर गेलेली शटरं, सगळी घाईत असल्यासारखी. आणि तेच सगळं त्या वाटोळ्या काचेत पोचलं की निवांत व्हायचं. झाडं कडेनं उगवायची, रस्त्याच्या मध्याकडे सरकत सरकत बारीक होत जायची. आरशात आवाज नसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढे पाव टाकणाऱ्या गाड्यांचा खडखडाट, आणि मागे मात्र एक मुका, वाकलेला, स्वच्छ गाव, ज्यात कुणाला कुठे पोचायचं नाही. त्या गावात मास्तर. नखाएवढे. पाय वरखाली होताहेत, ओठ शीळ घालायला गोल झालेत, ते मात्र मला दिसायचं कमी आणि माहीत जास्त. मी पुढे बघायचे, मग आरशात, मग पुढे. कधी कधी वाटायचं मी एका बाजूला आजमध्ये चाललेय आणि दुसऱ्या बाजूला भलत्याच जुन्या दिवसात, आणि दोन्ही सायकली एकाच वेगानं. वळण आलं की मास्तर काचेच्या काठाला घसरायचे, नाहीसे व्हायचे, आणि मग काठातूनच परत उगवायचे. या वयात नवऱ्याकडे इतकं टक लावून बघण्याची सोय दुसरीकडे कुठे होते?

पण ते फारच बारके दिसत. करड्या शर्टात रस्त्यात मिसळून जात. म्हणून मी त्यांना जाकीट शिवलं. आमच्या दुकानात पडद्याच्या विकाऊ कापडाच्या एका ताग्याचं टोक पडून होतं, पिवळीधमक जमीन आणि त्यावर तळहाताएवढी तपकिरी पानं. अंगात घालायचं कापड नव्हेच ते. मास्तरांनी आरशासमोर उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "यात मला कुणी खिडकीवर टांगलं तर?" त्या दिवशी ते चांगले होते. लेकसुद्धा हसली. ते जाकीट आरशात कुठूनही दिसायचं, आणि मी निर्धास्त झाले.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. गिऱ्हाइकानं विकत घेतलेल्यातलं उरलेलं कापड आम्ही पडदे पोचवताना घडी घालून त्याला परत देतो. चिंधीसुद्धा ठेवत नाही. मास्तरांनी घालून दिलेली रीत, आणि त्यावरच आमचं नाव आहे. त्या पिवळ्या ताग्याचे पडदे दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यासाठी करून घेतले होते. उरलेलं कापड चांगलं ऐसपैस होतं, तेही परत गेलं होतं. त्यांच्या बहिणीला शिवणकामाचा नाद आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी आम्ही गावाबाहेरच्या वसाहतीत माप घ्यायला निघालो. थंडी होती, हलकं धुकं होतं, आरशातलं गाव दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात माझा पिवळा ठिपका. मी मजेत होते. मागे कुणी ऐकणार नाही म्हणून गुणगुणतही होते. रेल्वेच्या फाटकाशी थांबावं लागलं. पिवळा ठिपका मोठा होत होत आला, शेजारी थांबला, आणि म्हणाला, "काय मावशी, आज एकट्याच?"

पिवळं जाकीट, तपकिरी पानं, आणि वर दातांच्या डॉक्टरांचं तोंड.

"ताईनं शिवलंय," ते जाकिटाची कड ओढून म्हणाले. "तुम्ही दिलेल्या कापडातून."

मी त्यांना काय बोलले ते आठवत नाही. सायकल फिरवली आणि आलेल्या वाटेनं सुटले. आता मागचं काही बघायचं नव्हतं, तरी डोळा आरशाकडेच जात होता, आणि त्यात रिकामा रस्ता लांब लांब होत होता. मला पहिल्यांदाच त्या काचेचा राग आला. आणि स्वतःचा. स्वतः विणलेल्या जाळ्यात पाय अडकावा तसं झालं होतं. लेकीचं कुलूप डोळ्यापुढे येत होतं, खुर्चीच्या कडेवर बसलेले मास्तर डोळ्यापुढे येत होते, आणि त्याहून वाईट गोष्टी येत होत्या. मी देवाला नाही, मास्तरांनाच विनवत होते, कुठे असाल तिथे थांबा.

ते थांबले होते. रंगाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, जिथून मी डावीकडे वळले होते, तिथे एक पाय फुटपाथवर टेकून शांत उभे होते. मी धापा टाकत पोचले.

"किती वेळ लावलास," ते म्हणाले. "मी कधीचा थांबलोय. अशी मागे पडत जाऊ नकोस गं. रस्ता नवा आहे तुला."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. भर रस्त्यात, सायकल मांड्यांत धरून, मी रडले. रंगाचं दुकान झाडणारा माणूस झाडू थांबवून बघायला लागला. मास्तरांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, होतं असं, शिकताना होतं. तेव्हा मला कळलं. त्यांच्या मनात ते पुढेच आहेत. सुरुवातीच्या त्या दिवसांसारखे. मी मागे आहे आणि माझी वाट बघायची आहे, एवढंच त्यांच्यात टिकलंय, आणि मी इतके दिवस ते उलटं चालवत होते.

पडद्यांच्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर असतोच. मी आरसा माझ्या हँडलवरून काढला आणि त्यांच्या हँडलला बसवला. "आधी बसा," मी म्हटलं. ते बसले. मी मागे जाऊन उभी राहिले, परत आले, काच जराशी फिरवली, परत मागे गेले. असं करता करता ते म्हणाले, "हां. आलीस."

मग आम्ही तसेच निघालो, ते पुढे, मी मागे. वळायचं असलं की मी त्या बाजूचा हात बाहेर काढायचे आणि आरशात बघून ते वळायचे. त्यांना वाटत होतं तेच वाट दाखवताहेत. वाटू दे की. मला मान वळवायची गरजच उरली नव्हती, मास्तर माझ्या डोळ्यांसमोर होते, आहेत तेवढे, पूर्ण.

लेकीपासून मी लपवलं नाही. घडलं तसं सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या जाकिटासकट. ती हसली नाही. रविवारी मी येते आणि बघते, म्हणाली, मग कुलपाचं ठरवू. तिच्या पिशवीत ते होतं, नवंकोरं, मी बघितलं.

रविवारी आम्ही तिघं निघालो. लेक माझ्या मागे. मास्तर छान चालवत होते, शीळ घालत होते, मी हात काढला की वळत होते, एकदाही अडखळले नाहीत. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. चढ संपल्यावर मोठ्या चौकाच्या अलीकडे ते थांबले. लेक त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी जिथे होते तिथेच थांबले, म्हणजे आरशात दिसत राहीन.

"बाबा, दमलात का?"

"छे," ते म्हणाले. मग तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, "मागे एक बाई आहे. कधीची येतेय."

लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"कोण आहे हो ती, बाबा?"

"कोण जाणे." ते आरशात बघत होते. "पण ती हात दाखवते तिकडे मी वळतो. अजून चुकवलं नाही तिनं. मी म्हटलं, पुढे जाऊ द्यावं तिला. मग म्हटलं, नको. ती मागे असली की मला भीती वाटत नाही."

लेक आपली सायकल घेऊन परत माझ्या मागे येऊन उभी राहिली. चौकातल्या गाड्या थांबल्या, रस्ता मोकळा झाला. मास्तर पेडलवर पाय ठेवून आरशात बघत थांबून राहिले. मी उजवा हात बाहेर काढला, आणि ते वळले.