गुरुवारचा तवा

मी एक जुना बिडाचा तवा आहे. मित्रांनो, वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, तेव्हा आपल्यावर भाकऱ्या भाजल्या जातील असं मला वाटलं होतं. पण मी पोचलो दुबईतल्या एका स्टेकहाउसमध्ये. तिथे मला तापवून, लाकडी पाटावर ठेवून, चरचरत थेट टेबलावर नेत.

त्या काळी इथे शुक्रवारची सुट्टी असे, म्हणून बाहेर जेवायला सगळे गुरुवारी संध्याकाळी येत. पुण्याच्या एकाच कॉलेजातले चार मित्रही दर महिन्याला यायचे. त्यांतला गुणवंत शारजाहून, रस्त्यातल्या गर्दीला शिव्या देत, सर्वांत शेवटी पोचे. एकेकाळी मटणावर आडवा हात मारणारा हा माणूस. पण त्याची लेक अवनी हृदयाचं दुखणं घेऊन जन्मली आणि ती बरी होईपर्यंत गुरुवारी मांस खायचं नाही, असा त्याने नेम धरला. मग बदरुद्दीन नावाच्या आमच्या आचाऱ्याने मला वेगळ्या खिळ्यावर टांगलं. माझ्यावर फक्त भाज्या आणि पनीर. गुणवंतचा जिवलग मित्र निनाद त्याची फार थट्टा करी. स्टेकहाउसात येऊन कोबी खाणारा जगातला पहिला माणूस, म्हणे. गुणवंत हसून खात राही. मलाही माझ्या सोवळ्याचा अभिमान वाटे.

एकदा बदरुद्दीन गावी गेला होता. नव्या आचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने माझ्यावर आधी मटण भाजलं, मग मला वरवर पुसून गुणवंतच्या भाज्या मांडल्या. गुणवंतने दोन घास खाल्ले आणि तेवढ्यात निनादला कोबीच्या पानाखाली मटणाचा तुकडा दिसला. अवनीचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. निनादने क्षणभर गुणवंतकडे पाहिलं आणि मला स्वतःकडे ओढलं.

"बास झालं तुझं सोवळं. आज तुझी प्लेट मी खाणार," तो म्हणाला.

गुणवंतचा चेहरा उतरला. माझ्या मुलीसाठी धरलेल्या नेमाचीही तुला चेष्टा सुचते, असं म्हणून तो उठून गेला. निनाद मान खाली घालून माझ्यावरचं सगळं संपवत राहिला, अगदी तो तुकडासुद्धा. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. त्या दिवशी मी आतून जितका तापलो, तितका भट्टीवरही कधी तापलो नाही.

त्यानंतर गुणवंत आला नाही. निनादचे फोन त्याने उचलले नाहीत. उरलेले दोघेही यायचे थांबले. बदरुद्दीन परतल्यावर निनादने त्याला खरं काय ते सांगितलं, आणि मुलगी पूर्ण बरी होईपर्यंत गप्प राहायला बजावलं. मी खिळ्यावर गंजत गेलो.

दोन वर्षांनी गुणवंत पेढे घेऊन बदरुद्दीनला भेटायला आला. अवनी आता धावत होती, सायकल मागत होती. बदरुद्दीनला राहवलं नाही.

"साहब, उस दिन निनाद साहब ने मजाक नहीं किया था," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

गुणवंतने तिथूनच फोन लावला. निनाद आला. गुणवंतने पेढ्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"सांगायचं नाहीस होय?" गुणवंतने विचारलं.

"सांगितलं असतं, तर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तू त्या दोन घासांनाच धरून बसला असतास."

गुणवंतला रडू आवरेना. बदरुद्दीनने मला घासलं, तेल लावलं, तापवलं. नेम पुरा झाला होता, म्हणून त्या दिवशी माझ्यावर मटण आलं आणि दोघांनी एकाच तव्यातून खाल्लं. पण अवनीचे दोन वाढदिवस निनादकाकाशिवाय होऊन गेले होते. ते काही परत येणार नव्हते.

मित्रांनो, तुमचा जुना मित्र कधी विचित्र वागला, तर रागावून उठण्याआधी त्याला एकदा विचारा, असं का केलंस. आम्हा तव्यांना तोंड नसतं. तुम्हाला आहे.