काचेतलं नववं पान

यादी जाहीर झाली होती, हे काही खोटं नाही. कचेरीच्या व्हरांड्यात कुलूपबंद काचेची पेटी आहे, तिच्यात ती टाचली होती. अकरा पानं, एकावर एक. दिसायचं फक्त वरचं.

महामारीत ज्यांची शेती बुडाली त्यांना सरकारी मदत मिळणार होती, त्या अर्जांची ही यादी. आम्ही दोघी जावा जरबेरा लावतो. लग्नं बंद, बाजार बंद, पण ते जरबेऱ्याला कोण सांगणार? फुलं काढली नाहीत तर झाड बसतं, पुढे फुलतच नाही. म्हणून चार महिने आम्ही रोज फुलं उपटली आणि उकिरड्यावर टाकली. जीव नुसता जळायचा. आता पॉलिहाउसवरचा प्लास्टिकचा कागद फाटलाय. मदत आली तर नवा कागद, नाहीतर भाऊजी सांगाडा उतरवून पाइप भंगारात घालणार. तसं ठरलंच आहे.

आमचा अर्ज तीनशे एक्केचाळिसावा, पानावर नावं चाळीस. म्हणजे नववं पान.

मी गेले तेव्हा वर पाचवं होतं.

"पुढची पानं दाखवता का?" मी लिपिकाला विचारलं. माणूस मऊ आवाजाचा. राग यावा असं काहीच बोलत नाही, त्यामुळे जास्तच राग येतो.

"रोज सकाळी एक पान उलटतो, ताई. म्हणजे सगळ्यांना वाचता येतं."

"आणि हरकत कधीपर्यंत घ्यायची?"

"यादी लागल्यापासून सात दिवस."

"पानं अकरा आहेत."

त्याने काचेवर बोट ठेवून पानांच्या कडा मोजल्या. मग म्हणाला, "हो, अकराच आहेत."

"मग नववं आजच दाखवा. किल्ली तुमच्याच खिशात आहे."

"एकाला दाखवलं की सगळे मागतील."

"मागू देत की. जाहीर यादी आहे ना?"

"म्हणून तर काचेत लावलीये."

सातव्या दिवशी जाऊबाईला घेऊन गेले. हरकतीचा फॉर्म भरून दिला. त्याने तो नीट वाचला आणि परत सरकवला.

"तुमच्या नावापुढचा शेरा लिहिला नाहीत. हरकत शेऱ्यावर घ्यायची असते."

"शेरा नवव्या पानावर आहे."

"मग ते पान लागलं की या."

"तोवर मुदत संपेल ना हो?" जाऊबाई हळूच म्हणाली.

"ते खरंय," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मला त्याची मान मुरगाळावीशी वाटत होती.

नवव्या दिवशी एकटीच गेले. मधोमध आमचं नाव होतं. पुढे शेरा: 'पाहणीच्या वेळी फुलांची तोडणी चालू होती. नुकसान नाही.'

ती पाहणी मला चांगली आठवते. अधिकारी आले तेव्हा आमच्या हातात भरलेल्या टोपल्या होत्या. फुलं कुठे जातात ते मी सांगितलं. उकिरडा मागेच, वीस पावलांवर होता. चिखल आहे म्हणून ते गेले नाहीत. जाताना आम्हीच त्यांच्या गाडीत चार जुड्या ठेवल्या, नाहीतरी टाकायच्याच होत्या.

"सापडलं का नाव?" मागून लिपिकाने विचारलं.

"सापडलं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? प्रत्येकाचं पान येतंच."

मी व्हरांड्यातूनच भाऊजींना फोन लावला. म्हटलं, भंगारवाल्याला टेम्पो घेऊन यायला सांगा.