फुकटचे मासे आणि माझा गळा

मी मॉडेम बोलतोय, कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेवरून जगाशी जोडणारी जुनी पेटी. बोलतोय म्हणणं जरा धाडसाचंच आहे म्हणा, कारण माझ्या बोलण्याला लोक किंचाळणंच म्हणत आले. ज्यांनी मला ऐकलंय त्यांना आठवत असेल. आधी आकड्यांचे सूर, मग शिट्टी, मग मांजराची शेपटी दारात सापडावी तसा कल्लोळ, आणि एकदम शांतता. त्या कल्लोळात मी दूरच्या दुसऱ्या मॉडेमशी ओळख करून घेत असे. तुम्हीही पाहुण्यांच्या दारात तेवढाच आरडाओरडा करता, फक्त तुम्हाला त्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. चपटी पेटी, पुढे पाच लाल दिवे, पोटात एक छोटा स्पीकर. माझी चाचणी घेणाऱ्या बाईच्या कानात कापसाचे बोळे होते. आपला पहिला आवाज ऐकायला समोर बोळे घातलेली बाई असावी, यावरूनच मी पुढचं नशीब ओळखायला हवं होतं.

मला विकत घेतलं एका नकाशेवाल्यानं. तो इमारतींचे नकाशे काढायचा आणि ते घरबसल्या माझ्यामार्फत बांधकामवाल्यांना धाडायचा. घरात तिघं. तो, त्याची बायको आणि त्याची आत्या. बायको शाळेत शिकवायच्या, त्यामुळे घरातही सगळे त्यांना 'बाई'च म्हणत, नवरासुद्धा.

आत्या म्हणजे माझी खरी कदरदान. तिनं लग्न केलं नव्हतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले आणि निवृत्त झाल्यावर भाच्याकडे राहायला आली. तिचा कान असा, की फोन लावतानाच्या सुरांवरून ती आकडे ओळखायची. मी किंचाळायला लागलो की बाई कपाळाला हात लावायच्या, पण आत्या विणकाम खाली ठेवून ऐकायची. "आज नाही लागायचा रे. गळा बसलाय याचा," असं ती म्हणाली, की खरंच लागायचा नाही.

माझ्याच तारेवर घरातला जुना फोन होता, गोल तबकडीचा. तो भिडस्त होता. कुणी बोट घालून फिरवल्याशिवाय बोलायचा नाही.

आता नकाशेवाल्याची एक खोड सांगतो. नकाशात रेघ केसभर सरकली तरी त्याला जेवण जायचं नाही. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीही विचारलं, की हा न वाचता 'होय' दाबायचा. एके दिवशी पडद्यानं विचारलं, फुकट मासे हवेत का? ह्यानं दाबलं होय. मग कॉम्प्युटर रिकामा राहिला की पडद्यावर निळं पाणी दिसायचं आणि त्यात सोनेरी मासे फिरायचे. बाईसुद्धा कौतुकानं म्हणाल्या, "बघा, यांना खायला घालावं लागत नाही."

खायला लागत होतं, पण ते कुणाला दिसत नव्हतं. त्या माशांच्या पाठोपाठ एक लबाड प्रोग्रॅम आत शिरला होता. नकाशेवाला दुपारी कॉम्प्युटर चालूच सोडून बांधकामावर जायचा. तीनच्या सुमारास मासे पोहायला लागले की तो लबाड पहिल्यांदा माझा स्पीकर बंद करायचा आणि मग मला समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर फोन लावायला लावायचा. तिथे मिनिटामिनिटाला पैसे उकळणारा कुणीतरी बसला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी जवळजवळ रोज अर्धा-अर्धा तास मुक्यानं ओरडत होतो.

महिनाअखेरीला बिल आलं. नकाशेवाला ते उभ्यानं वाचायला लागला आणि वाचता वाचता बसला.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "या बेटावर आपलं कोण आहे गं?"

"बेटावर? अरे, मला नीट पोहताही येत नाही."

पण बाईंचं गणित पक्कं होतं. फोन दुपारी तीनला गेलेले. त्या वेळी बाई शाळेत, नवरा बांधकामावर, घरात एकटी आत्या. रविवारी सगळे घरी असत, तेव्हा एकही फोन नाही. रविवारी नकाशेवाला दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा आणि त्यामुळे मासे बाहेर यायचे नाहीत, हे कुणाच्या डोक्यात येणार? त्यातून आत्यानंच कधीतरी हौसेनं सांगितलं होतं, की तरुणपणी जहाजावरचा एक वायरलेसवाला तिच्याचकडून फोन जोडून मागायचा. बाई नवऱ्याला म्हणाल्या, "निवृत्त होऊन बेटावर राहिला असेल." नवरा म्हणाला, "अगं, या वयात?" बाई म्हणाल्या, "या वयातच वेळ असतो."

फोनच्या तबकडीला कुलूप लागलं. किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

आणि इथेच आत्या पुरती अडकली. कुलूप असलं तरी रिसीव्हर ठेवायची खुंटी टकटक दाबून फोन लावता येतो, ही एक्सचेंजची युक्ती तिनंच सगळ्यांना करून दाखवली होती, टाळ्या घेत. पुढचं बिल पहिल्यापेक्षा मोठं आलं, तेव्हा कुलपानं तिची सुटका केली नाही, उलट तिच्याविरुद्धच साक्ष दिली. कुलूप असून फोन गेले, म्हणजे करणारी दुसरी कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर समोर शेपट्या हलवत पोहत होते.

कुणी तिला एक शब्द वाकडा बोललं नाही. तेच वाईट होतं. बोलले असते तर तिनं चार सुनावल्या असत्या. ती खोलीत आली की दोघं हवापाण्यावर बोलायला लागत. दर आठवड्याला ती एक्सचेंजमधल्या मैत्रिणीला फोन करायची, तोही तिनं सोडला. मग एका सकाळी म्हणाली, "मी वृद्धाश्रमात नाव घातलंय. उद्या जाते." नकाशेवाल्यानं मान खाली घातली. नको जाऊस, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. मला त्याचा फार राग आला.

त्या दुपारी आत्यानं बॅग भरली आणि फोनपाशी येऊन बसली. रिसीव्हर उचलून नुसताच कानाला लावला. तारेतला तो संथ घूं आवाज तिला आवडायचा. तीस वर्षांची सोबत होती ती.

पडद्यावर मासे आले. माझा स्पीकर बंद झाला. मी आकडे लावायला लागलो.

पण स्पीकर बंद केला तरी तारेतला आवाज कोण बंद करणार? आत्याच्या कानात माझे सूर पडले आणि तिची पाठ ताठ झाली. विणकामाच्या नमुन्याच्या कागदावर तिनं भराभर आकडे लिहिले. मग मी जन्मात किंचाळलो नव्हतो असा किंचाळलो. तिनं ऐकून घेतलं. उठून बिलाशी आकडे ताडून पाहिले, माझ्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं, आणि भिंतीतून माझी वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना रजा घ्यायला लावली. तीन वाजता वायर पुन्हा जोडली, भाच्याच्या हातात रिसीव्हर दिला आणि स्वतः समोर विणायला बसली.

"माझे दोन्ही हात दिसतायत ना सूनबाई? ऐक रे आता."

मासे आले. नकाशेवाल्यानं रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"आत्या, कोण किंचाळतंय हे?"

"तुझे मासे," आत्या म्हणाली. "यांना खायला घालावं लागत नाही म्हणे."

दुरुस्तीवाला आला, त्यानं प्रोग्रॅम खरवडून काढला आणि मासेही नेले. बाईंनी टेलिफोनच्या कार्यालयाला लाल शाईनं सहा पानी पत्र लिहिलं. निम्मं बिल माफ झालं, ते पत्र वाचून की आणखी एक येईल या भीतीनं, कोण जाणे. नकाशेवाला "चुकलो" म्हणाला आणि रडला. बाईंनी आत्याची बॅग उघडली आणि सगळे कपडे एकेक करून पुन्हा कपाटात लावले. आत्या मागून म्हणाली, "घडी मोडू नकोस." आत्या राहणार, हे आम्हाला तिथे कळलं.

फोनचं कुलूप सुटलं. कॉम्प्युटरच्या पडद्याला आत्यानं चिठ्ठी चिकटवली: 'आधी वाच.'

पुढे काही वर्षांनी माझ्या जागी एक नवा डबा आला. तो अजिबात आवाज करत नाही. मला भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा आत्या म्हणाली, "माझ्या बाजूनं या घरात हा एकटाच ओरडला," आणि तिनं मला विणकामाच्या टोपलीत ठेवलं. लोकरीत ऊब असते. तक्रार नाही.

आत्या आता थकलीये. सुरांवरून आकडे ओळखणारा तिचा कान जवळजवळ गेलाय. परवा तिनं मला टोपलीतून काढून कानाशी धरलं. "बोल रे," म्हणाली. मला ना वायर, ना वीज. मी काय बोलणार? पण ती बराच वेळ ऐकत बसली, मान डोलावली आणि म्हणाली, "गळा बरा आहे आज."

मला भंगारात द्यायचं तेव्हा खुशाल द्या. फक्त ती आहे तोवर टोपलीतच राहू द्या.