साथ, दोन गट आणि माझी पळी

आमच्या निवासात माणसं घोळक्यानं येतात. कुणी ध्यानाला, कुणी गाण्याच्या सरावाला, कुणी नुसतं पाय पसरून बसायला. मधे अंगण, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या ओळी आणि ओसऱ्या, टोकाला स्वयंपाकघर. तापाची साथ आली तशी सुनेनं फर्मान काढलं, "एका वेळी एकच गट. तो गेला की चादरी उकळायच्या, खोल्यांची दारं-खिडक्या सताड उघड्या टाकायच्या, मगच दुसरा." नियम शहाणपणाचा होता. पण तो माझ्या तोंडून निघाला नव्हता, म्हणून मी अर्धाच ऐकला.

अशात हॉर्नचा फोन आला. हॉर्न म्हणजे निवृत्त बसचालकांच्या मंडळाचा म्होरक्या. जन्म इंजिनाशेजारी गेल्यामुळे कानात सांगितलेलं गुपितही रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. दरवर्षी फोन त्याची बायको करायची. या वेळी तो स्वतः बोलत होता, आणि चक्क हळू.

"वहिनी, आम्ही येऊ का यंदा? ती नाही आता. मंडळी म्हणतात चला. माझं काही ठरेना. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"विचारताय काय? या!" मी म्हटलं आणि फोन ठेवला. आपल्याच घरात तोंड उघडायच्या आधी सुनेची परवानगी काढायची, इतकी म्हातारी मी अजून झालेली नाही.

सून बादलीत साबण कालवत होती. तारखा ऐकल्या आणि तिचा हात थांबला. "आई, त्याच दिवसांत मौनवाले येताहेत. कधीचं ठरलंय."

"मग बरंच की. न बोलणारी माणसं, भांडणार तर नाहीत."

"ताप भांडणातून येत नाही, श्वासातून येतो. एका गटाला नाही म्हणून कळवावं लागेल. मागून ठरवलंय ते बसवाल्यांनी."

"म्हणजे त्या माणसाला काय सांगू? बायको गेली तशी जागाही गेली? त्याला जरा हसतं करून पाठवायचं म्हणून मंडळी त्याला ओढून आणताहेत. आणि मी शब्द दिलाय."

तिनं साबणाची बादली बाजूला सारली. माझ्या सुनेनं हातातलं काम अर्धवट सोडलं की समजायचं, डोक्यात चाकं फिरायला लागली.

मग तिनं माझ्या मुलाला कामाला लावलं. अंगणाच्या मधोमध दोरी, दोरीवर जाड चादरी. नळ वेगळे, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या, ताटंसुद्धा वेगळी, इकडे स्टीलची, तिकडे पांढरी. जेवणं आपापल्या ओसरीवर, उघड्या हवेत. मी कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हटलं, "बघ, झाले की नाही एका घराचे दोन? उगीच नन्नाचा पाढा लावला होतास."

ठरल्या दिवशी दोन्ही गट हजर. मौनवाले आले ते पावलांचाही आवाज न करता. त्यांची एक ताई होती, ताठ मानेची. तिनं मला हात जोडले आणि ओठ मिटले ते मिटलेच. बसवाले आले ते फाटकापासूनच एकमेकांना सांगत, गाडी कशी लावायला हवी होती. एक गाडी आणि ती लावणारे सगळे. हॉर्न मात्र मागे, पिशवी पोटाशी धरून.

आमच्याकडे एक रीत आहे. पाहुणा स्वतः वाढून घेत नाही. वाढणार मी. सुनेला किल्ल्या दिल्या, हिशेब दिले, फोनही निम्मा दिला, पण पळी नाही दिली. पाहुण्याच्या ताटात काय पडतं त्यावर घराची अब्रू असते.

मी मौनवाल्यांपासून सुरुवात केली. आणि काय सांगू, असे पाहुणे जन्मात पाहिले नव्हते! त्यांना 'पुरे' म्हणता येत नाही. एकानं ताटावर हात आडवा धरला; मी पळी धरून उभी राहिले. त्याचा हात दुखला, माझा नाही. वाढला मग भात.

ओळ संपवून, चादर बाजूला सारून मी बसवाल्यांकडे पाऊल टाकणार, तोच सून समोर उभी.

"आई, दोरी बांधली, नळ वेगळे केले, ताटं वेगळी केली. आणि एका बाजूचा श्वास दुसऱ्या बाजूला कोण घेऊन निघालंय?"

कोण शहाणं ते बघायला मी मागे वळले. मागे कुणी नव्हतं.

"तुम्ही," ती म्हणाली.

पलीकडून एक चालक ओरडला, "काय वहिनी, सिग्नल लाल का?" बाकीचे खिदळले. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"एक बाजू तुमची, एक माझी," सून म्हणाली. "तुमचं इकडे वाढून झालंय, तर तुम्ही इकडेच. नाहीतर आत्ता, भरल्या ताटावरून, एका गटाला परत पाठवावं लागेल."

तिच्या डोळ्यांत पाहिलं. खरंच पाठवलं असतं तिनं. मी दिलेला शब्द आता माझ्याच पावलापाशी अडला होता. मी पाऊल मागे घेतलं.

"दुसरी पळी घे," मी म्हटलं. "ही माझी आहे."

तर अशी मी मुक्यांच्या राज्यात अडकले आणि ती बोलक्यांच्या. इकडे कुणी भाजीला छान म्हणेना, की खारट म्हणेना. कान सगळे पलीकडे. चादरीच्या फटीतून दिसलं, हॉर्न ताटासमोर नुसता बसलाय. दरवर्षी पहिला घास त्याची बायको त्याच्याच ताटातून घ्यायची आणि मीठ बरोबर आहे का ते सांगायची. मग हा जेवायचा. सुनेला हे ठाऊक नव्हतं. मी तिथे असते तर? ताटात डोंगर रचला असता, "खा हो, खा" म्हणून डोकं उठवलं असतं.

तिनं यातलं काहीच केलं नाही. स्वतःचं ताट घेतलं, ओसरीच्या पायरीवर लांब बसली आणि जेवायला लागली. पाहुण्यांच्या देखत! मी कपाळाला हात लावला. जेवता जेवता म्हणते, "शाळेत असताना एकदा मी धावत होते आणि बसवाल्यानं मला बघूनही बस सोडली. मी अजून त्याला शिव्या देते."

हॉर्ननं मान वर केली. "बघूनही? शक्यच नाही. आरशात दिसला नसाल."

"हात केला होता मी!"

"कोणत्या बाजूनं?"

"डाव्या."

"मग तुमचीच चूक, सूनबाई. डावीकडून पळत येणारं माणूस चाकाखाली जाईल म्हणून आम्ही आधी..." आणि घास तोंडात. सगळे चालक तुटून पडले. कुणी तिच्या बाजूनं, कुणी त्या बसच्या. हॉर्नचा आवाज चढत चढत पूर्वीच्या जागी पोचला. ताट कधी रिकामं झालं ते त्यालाही कळलं नाही.

"सूनबाई," तो गरजला, "अजून थोडा भात आहे का?"

आमच्या घरात पाहुण्यानं मागून घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मागायला मी वेळच दिला नव्हता कुणाला. आणि राहवलं नाही मला. चादरीवरून मान काढून ओरडले, "वाढ गं! हात आखडू नकोस! आणि दाबू नको भात, मोकळा पडू दे!"

इकडची सगळी ओळ दचकली. ताठ मानेच्या ताईनं माझ्याकडे डोळे वटारले, मग तिचा ओठ हलला, आणि बाई अशी खदखदून हसली की तिच्या मागोमाग सगळी ओसरी फुटली. चादरीच्या दोन्ही बाजूंना हसू, आणि मधे मी.

साथीला आमच्याकडे कुणीच सापडलं नाही. दोन्ही गट धडधाकट घरी गेले. पण ताई जाताना म्हणाली की त्यांचं मौन मी मोडलं. साफ खोटं. मी कुठे मौन घेतलं होतं?