रिकाम्या गोलाचा फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. जुना म्हणजे वयानं. अंगावरचा रंग मात्र पहिल्या दिवसासारखा ताजा आहे. नाशिक रोडला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका चौकात मी उभा आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज माझ्यासमोरून गेले असतील, तरी तुम्ही मला पाहिलेलं नाही. त्यात तुमचा काही दोष नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. पांढऱ्या रोलमधून मशीननं मला हळूहळू बाहेर काढलं, शाई वाळायच्या आत माझ्या कडेला रिंगा ठोकल्या. माझ्यावर एका मुलीचा फोटो होता. चष्मा, निळा ड्रेस, दोन वेण्या. फोटोवाल्यानं तिला अंगठा वर करायला सांगितलं असावं, कारण तिनं तो अर्धाच वर केला होता. खाली लिहिलं होतं, 'कु. निकिता गोरक्ष कोटमे, हार्दिक अभिनंदन!' आणि नावाशेजारी एक मोठा पांढरा गोल होता. पूर्ण रिकामा.

तुम्ही म्हणाल, हे कसलं अभिनंदन? तर क्लासवाल्यांची ही रीतच आहे. सीईटीचा निकाल लागला की सगळ्या क्लासांची छापखान्यात झुंबड उडते. म्हणून हुशार मुलांचे फ्लेक्स आधीच छापून ठेवायचे, आणि निकालाच्या दिवशी गोलात पर्सेंटाइलचं स्टिकर चिकटवायचं. निकिता वर्षभर क्लासच्या सराव परीक्षांत पहिली येत होती. क्लास चालवणाऱ्या दीपक सरांना तिच्याबद्दल शंकाच नव्हती.

मला न्यायला गोरक्ष आला, निकिताचा बाप. फ्लेक्स बांधणं हाच त्याचा धंदा. येवल्याकडचं गाव सोडून तो इथं आला, त्याला अकरा वर्षं झाली. बांबूची चौकट, शिडी, सुतळी आणि तार एवढ्यावर त्याचं घर चालतं. दरवर्षी जूनमध्ये तो लोकांची मुलं चौकाचौकात चढवायचा आणि घरी येऊन त्यांचे आकडे सांगायचा. निकिता आठवीत असताना तो तिला म्हणाला होता, "तुझा फ्लेक्स मी फुकट लावीन." घरात सगळे हसले होते. पण पोरीनं ते मनावर घेतलं आणि तिथून पुढं कुणी हसलं नाही.

मला गुंडाळून त्यानं कपाटावर ठेवलं. निकिताची आई, प्रतिभा, लगेच करवादली. "निकालाच्या आधी घरात कशाला आणलात? पोरीला घास जात नाहीये."

ते खरं होतं. पुण्याच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळवायची, एवढं एकच तिनं ठरवलं होतं. सीईटीची उत्तरं जाहीर झाली होती. दोनशेपैकी एकशे बत्तीस मार्क होत होते. वहीत ते तिनं चार वेळा मोजले होते. तरी ती दिवसभर मोबाइलवर कुणाकुणाचे अंदाज ऐकत बसायची. कुणी अठ्ठ्याण्णव म्हणे, कुणी पंच्याण्णव.

"अगं, एकशे बत्तीस लय झाले," गोरक्ष म्हणाला. "कशाला घोर लावून घेती?"

"बाबा, माझे किती ते नाही बघत. माझ्या मागं किती पोरं राहिली, ते बघतात. आमच्या शिफ्टचा पेपर सोपा होता. सगळ्यांनाच पडले असतील." मग कपाटाकडे न बघता ती म्हणाली, "तो परत देऊन या ना."

गोरक्षनं ते हसण्यावारी नेलं. वाईट माणूस नाही हो तो. पण अकरा वर्षं ज्यानं फक्त पहिले आलेले चेहरे बांधले, त्याला बाकीची मुलं असतात हे दिसणार कुठून?

त्यानं आणखी एक घाई केली. निकालाच्या आदल्या दुपारीच मला चौकात नेऊन बांधलं, आणि माझ्यावर एक जुना फ्लेक्स उलटा करून अडकवला. उद्या वरचा फक्त ओढायचा, की पोरगी साऱ्या रस्त्याला दिसेल! स्वतःशीच हसत तो खाली उतरला. मीही खूश होतो, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी कुणी काही ओढलं नाही. दुपारी शिडी लागली. खाली दीपक सर उभे होते, त्यांच्या हातात नवी गुंडाळी होती.

"गोरक्षभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. चौऱ्याण्णव कमी नाहीत. पण गोलात घालता येत नाहीत. पुढच्या वर्षी रिपीटर बॅचला बसवा तिला. तो काढा आणि हा लावा."

"राहू द्या खाली," गोरक्ष म्हणाला. "मागून आधार होतो. वाऱ्यानं फाटत नाय."

एवढंच बोलला. उलटा फ्लेक्स त्यानं काढला आणि दुसऱ्या कुणाचा तरी हसरा मुलगा माझ्यावर ताणून बांधला. कुठं सुरकुती राहू दिली नाही.

पुढं मी अंधारातच होतो. माझ्या पायाशी बसथांबा आहे, म्हणून कानावर येत राहिलं. निकितानं गावाबाहेरच्या एका खासगी कॉलेजात नाव घातलं. तिची बस इथूनच सुटते, पण ती इथं चढत नाही. पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाते. "त्या पोराच्या खाली उभं राहवत नाही म्हणते," प्रतिभा एकदा शेजारणीला सांगत होती. फ्लेक्सचं निकितानं बापाला विचारलं होतं. परत दिला, असं त्यानं सांगितलं होतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका सकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढवायचा होता आणि शिडी धरायला माणूस नव्हता. निकिता आली. वरच्या गाठी सुटल्या, तो मुलगा घसरत खाली गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला रस्ता नीट दिसला. गोरक्ष मला विसरला होता की त्याला वाटलं होतं ती वर बघणार नाही, कोण जाणे.

थांब्यावरचा एक माणूस म्हणाला, "नंबर टाकायचा राहिला वाटतं."

निकिता वर बघत होती. "बाबा, मी इथंच होते?"

"उतरवायला हात नाय झाला, पोरी."

शिडीवरचा एक हात सोडून तिनं चष्मा सारखा केला. मग म्हणाली, "चौऱ्याण्णव लिहून लावला असता का हो?"

गोरक्ष शिडीवर तसाच उभा राहिला. सुतळीचं टोक त्याच्या दातांत होतं. ते काढून हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी वाट पाहिली. तीही पाहत होती.

"वरचा लावा लवकर," शेवटी तीच म्हणाली. "लोक बघतायत." आणि नवी गुंडाळी तिनं स्वतःच्या हातांनी वर दिली.

मित्रांनो, तुमच्या घरी निकालाची वाट पाहणारं कुणी असेल, तर निकालाच्या आधीच त्याला हो म्हणून टाका. नंतर सुतळी दातांत अडकते.

मी अजून तिथंच आहे. माझ्यावरच्या निकिताचा रंग जराही उडालेला नाही, कारण तिला ऊन लागलं ते त्या सकाळी, दहा मिनिटांपुरतंच.